आयुष्य वाढले, हिशेब कोणी मांडायचा?



पारावर एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘पूर्वीची माणसे भाकरी-ठेचा खाऊन शंभर वर्षे जगायची, आताची पन्नाशीतच आटोपतात.’ वाक्य गोड आहे, पण खरे नाही. खोट्या आकड्यावर मागणी उभी राहत नाही, म्हणून आधी खरे आकडे पाहू.

१९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानातले सरासरी आयुर्मान जेमतेम २० वर्षे होते. प्लेग होता, दुष्काळ होता, १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ होती. मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात. त्या राज्याची लोकसंख्या १९११ साली १ कोटी ३३ लाख होती; १९२१ साली ती १ कोटी २५ लाखांवर आली. स्वातंत्र्याच्या सुमारास देशाचे आयुर्मान ३२ वर्षे झाले, १९७०-७५ मध्ये ४९.७ आणि २०१६-२० मध्ये ७०. महाराष्ट्र तर ७२ च्या पुढे गेला.

मग शंभरीचे आजोबा खोटे का? नाही. ते उरलेल्यांपैकी होते. दहा बियांतल्या तीन उगवल्याच नाहीत, तर उरलेली सात झाडे कितीही लगडली तरी एकरी उतारा पडतोच. दहा मुलांतली तीन जन्मतःच दगावली आणि सात जण साठ वर्षे जगले, तर सरासरी ४२ भरते. आपल्याकडे आयुर्मान वाढले ते मुख्यतः उगवण सुधारल्यामुळे. महाराष्ट्रात १९७१ साली हजार जन्मांमागे सुमारे १०५ बाळे वर्षाच्या आत जात; २०२० साली हा आकडा १६ वर आला.

हे आपोआप घडले नाही. देवीचा रोग देशातून १९७५ साली गेला तो लसीने. हगवणीतली मुले वाचली ती मीठ-साखरेच्या पाण्याने. १९५६ साली घाटीचे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि मराठवाड्याच्या रोग्याला हक्काचे मोठे रुग्णालय मिळाले. १९७२ च्या दुष्काळात गुरे गेली, विहिरी आटल्या, पण १८७६-७८ च्या दुष्काळासारखी माणसे किड्यामुंगीसारखी मेली नाहीत. लाखो स्त्री-पुरुषांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले. त्यातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. ही कोणाची मेहेरबानी नव्हती. घाम गाळून मिळवलेले आयुष्य आहे हे.

इथवर समाधान मानू. आता सवाल दोन.

पहिला सवाल सरासरीचा. सरकारचे आयुर्मानाचे तक्ते देशाचे आणि राज्यांचे निघतात, ग्रामीण-शहरी निघतात. जिल्ह्याचा तक्ता निघत नाही. ‘ग्रामीण महाराष्ट्र’ या एकाच पोत्यात कोल्हापूरचा बागायतदार आणि बीडचा ऊसतोड कामगार भरलेला असतो. हंगामाचा पाऊस सरासरीइतका पडला म्हणून ऑगस्टच्या खंडात करपलेले सोयाबीन हिरवे होत नाही, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. विभागीय आयुक्त कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे मराठवाड्यात २०२२ साली १,०२३ आणि २०२३ साली १,०८८ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. २०२३ मध्ये एकट्या बीड जिल्ह्यात २६९. चाळिशीतला माणूस गेला की त्याची किमान तीस वर्षे बुडतात, घर तर मोडतेच. राज्याच्या सरासरीला मात्र याने ओरखडाही उठत नाही.

दुसरा सवाल वाढलेल्या वर्षांचा. साठी गाठलेला माणूस आज सरासरी आणखी सुमारे १८ वर्षे जगतो. नोकरदार ही वर्षे पेन्शनीवर नाही तर फंडावर काढतो. शेतकऱ्याने कशावर काढायची? २०१९ साली किसान मानधन योजना आली : साठीनंतर महिना ३,००० रुपये. पण नाव नोंदवायला वय १८ ते ४०, तेही पदरचे हप्ते भरून. त्या वर्षी ज्याने चाळिशी ओलांडली होती, त्याला दार बंद. उत्पादन खर्चही न निघणाऱ्या भावात जन्मभर माल विकून म्हातारपणाची बेगमी होत नसते.

यात बाईचे ओझे दुप्पट. १९७०-७५ मध्ये देशातल्या पुरुषाचे आयुर्मान ५०.५ आणि स्त्रीचे ४९ वर्षे होते. २०१६-२० मध्ये पुरुष ६८.६ आणि स्त्री ७१.४. बाई जास्त जगू लागली, चांगलेच झाले. पण ती शेवटची वर्षे बहुधा वैधव्याची, आणि सातबाऱ्यावर तिचे नाव नाही.

म्हणून या जिल्हा बैठकीपुढे एक काम ठेवतो. १९६९ च्या कायद्याने प्रत्येक गावात जन्म-मृत्यूची नोंद आहे. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या गावच्या गेल्या दहा वर्षांच्या मृत्यूंची वये मिळवावीत : वय, स्त्री की पुरुष, कारण. नावे नकोत. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. घाटीत गेलेला रुग्ण किंवा परजिल्ह्यात फडावर दगावलेला ऊसतोड मजूर गावच्या वहीत सापडणार नाही. त्यासाठी घरोघर विचारावे लागेल. दुसरे, एका वाफ्यावरून वाणाची शिफारस होत नाही, तसा एका गावावरून निष्कर्ष काढायचा नाही. तालुक्याचे आकडे एकत्र झाले की मगच बोलू.

ते हातात आले की मागण्या दोन. मराठवाड्याच्या प्रत्येक जिल्ह्याचा आयुर्मानाचा तक्ता सरकारने दरवर्षी छापावा. आणि वयाची साठी झालेल्या प्रत्येक शेतकरी स्त्री-पुरुषाला, सातबाऱ्यावर नाव असो वा नसो, पेन्शन मिळावी.

देशाचे पोट भरण्यात ज्याची पहिली साठ वर्षे गेली, त्याने पुढची अठरा वर्षे कोणापुढे हात पसरून काढायची नाहीत.