बालसंगोपन : पथ्य मुलाचें कीं घराचें ?

मूल वाजवीपेक्षां लठ्ठ दिसूं लागलें, कीं वडीलधारीं माणसें त्याच्या ताटावर नजर ठेवितात. अमेरिकेंतील बोस्टनच्या परिसरांत संशोधकांनीं निराळी वाट धरिली. दोन ते पांच वर्षांचें मूल असलेलीं अल्प उत्पन्नाचीं १२१ कुटुंबें त्यांनीं घेतलीं. सुमारें निम्म्या घरीं आरोग्यशिक्षक चार वेळां गेले. इतरांस टपालानें माहितीपत्रकें धाडिलीं. सांगणें चारच गोष्टींचें : एकत्र जेवण, पुरेशी झोप, दूरचित्रवाणीस मर्यादा, आणि मुलाच्या निजण्याच्या खोलींत ती नसावी.

२०१३ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांत या घरांतील मुलांची झोप, इतरांच्या मानानें, रोज सुमारें पाऊण तासानें वाढली; सुटीच्या दिवशींचें दूरचित्रवाणी पाहणें तासाभरानें घटलें, व उंचीच्या मानानें वजनहि किंचित् उतरलें. एकत्र जेवण मात्र वाढलें नाहीं. तें बहुतेक घरीं आधींच नित्याचें होतें.

महाग फळें घ्या, असें गरिबास सांगणें सोपें. निजण्याची वेळ पाळण्यास पैसा लागत नाहीं; पण साऱ्या घराची संमति लागते. वडील मंडळी दूरचित्रवाणीपुढें जागत असतां बालकानें तेवढें वेळेवर निजावें, ही अपेक्षा व्यर्थ होय. पथ्य घरानें पाळावें. मूल तें आपोआप शिकतें.