आधी प्रश्न, मग बोर्ड

मैत्रिणींनो, हल्ली शाळेत जाणारी आपली मुलं ‘आर्डुइनो’, ‘सेन्सर’ असे शब्द अगदी सहज बोलतात. नीती आयोगाने २०१६ पासून शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या. सहावी ते बारावीच्या मुलांना हे बोर्ड तिथे हाताळायला मिळतात. मग मुलगा घरी येऊन म्हणतो, ‘आई, एक किट मागवायचंय.’ आणि आपण म्हणतो, ‘मला काय कळतं त्यातलं? पप्पांना विचार.’

माझं म्हणणं असं, की हे आपल्यालाच विचारायला हवं.

मायक्रोकंट्रोलर बोर्ड म्हणजे काडेपेटीपेक्षा थोडा लहान-मोठा, एकच काम करणारा छोटा संगणक. सेन्सर म्हणजे त्याचं नाक, कान, त्वचा. सेन्सरने हवा, पाणी, ऊब टिपायची आणि बोर्डाने आकडा दाखवायचा नाहीतर घंटी वाजवायची. घरावर लक्ष ठेवणारं हे यंत्र काही शे रुपयांत तयार होतं. पण बहुतेक घरांत आधी बोर्ड येतो, दोन दिवस त्यावर दिवा लुकलुकतो आणि मग तो माळ्यावर जातो. शिलाई मशीन घेताना आपण आधी ठरवतो ना, घरचं शिवायचंय की ऑर्डरी घ्यायच्यात? तसंच इथेही आहे. कशावर लक्ष ठेवायचं ते आधी ठरवा, त्यावरून सेन्सर निवडा आणि बोर्डाचं शेवटी बघा.

आपल्या देवळ्याचंच उदाहरण घ्या. उन्हाळ कांदा चाळीत भरला, की पावसाळाभर जीव टांगणीला. कांद्याला साधारण २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. दमट हवेत सड वाढते. वास आला की चाळ उघडायची, म्हणजे वरातीमागून घोडं! किटमध्ये बहुधा ‘डीएचटी ११’ हा स्वस्त निळा सेन्सर येतो. पण साधारण ८० टक्क्यांच्या पुढच्या आर्द्रतेत त्याचा भरवसा नाही आणि त्याआधीही पाचेक टक्के इकडे-तिकडे चालतंच. म्हणजे श्रावणात, ऐन गरजेच्या वेळी तो कुचकामी. थोडे जास्त पैसे टाकून ‘डीएचटी २२’ घेतला तर पुढचे आकडेही कळतात.

आता बोर्ड. घरात वायफाय असेल तर ‘ईएसपी ३२’ घ्या, तो मोबाइलवर निरोप धाडतो. पण मळ्यातल्या चाळीत वायफाय कुठलं? तिथे साधा आर्डुइनो आणि छोटा स्क्रीन पुरे. येता-जाता आकडा वाचायचा, वहीत टिपायचा.

पाण्याच्या टाकीलाही हाच नियम. नुसतं ‘टाकी भरली’ एवढंच कळायला हवं असेल, तर तरंगणारा साधा फ्लोट स्विच बस्स आहे. आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा उघडा सेन्सर टाकीतल्या वाफेने लवकर खराब होतो, त्यात जलरोधक प्रकारच घ्यावा.

एका बाबतीत मात्र हौस नको. गॅस गळती ओळखणारे ‘एमक्यू ६’सारखे सेन्सर मिळतात. मुलांना शिकायला ते छान आहेत. आपला सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो, म्हणून सेन्सर खाली लावावा लागतो, हे त्यातून मुलांना कळतं. पण जिवाची राखण घरी जोडलेल्या तारांवर सोडू नये. त्यासाठी प्रमाणित अलार्मच हवा, आणि वास आला की रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, विजेच्या बटणाला हात नाही. घरातल्या विजेच्या मुख्य वायरिंगलाही मुलांनी हात लावू नये.

लासलगावच्या कल्याणी शिंदे कांदा पिकवणाऱ्या घरातल्या, शिक्षणाने संगणक अभियंता. ‘गोदाम इनोव्हेशन्स’ ही कंपनी काढून त्यांनी साठवणीतल्या कांद्याची सड वेळीच ओळखणारं यंत्र तयार केलं. सडू लागलेल्या कांद्यातून निघणारे वायू, तापमान आणि आर्द्रता ते टिपतं. त्यांचीही सुरुवात घरच्या प्रश्नापासूनच झाली.

चाळीत कांदा निवडायला कोण बसतं? टाकी कधी रिकामी होते, कणगीला ओल कुठून येते, हे घरात कोणाला आधी कळतं? आपल्यालाच ना? मग प्रश्न ठरवण्याचा मानही आपलाच. प्रोग्राम मुलं लिहितील, तारा जोडतील. त्यात मुलीलाही बरोबरीने बसवा. ‘ते दादाचं काम’ म्हणून तिला पोळ्या लाटायला पाठवू नका.

पुढच्या वेळी किटची मागणी आली, की पप्पांकडे बोट दाखवू नका. पोरांना समोर बसवा आणि विचारा, ‘यानं आपल्या घरातलं कोणतं दुखणं कळणार आहे?’ उत्तर मिळालं, की मगच पैसे काढा.