पोलिसांच्या पत्राची खातरजमा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मराठी घरांत इतकी मुरली आहे की पोलीस ठाण्याची पायरीही तिच्यात गृहीतच धरली जाते. ठाण्यात गेल्यास चार लोक पाहतील, नाव कागदावर चढेल आणि एकदा चढलेले नाव पुसले जाणार नाही, अशी ही धास्ती आहे. ती सर्वस्वी निराधार आहे असे म्हणता येणार नाही. पण गेल्या काही वर्षांत या धास्तीवर भामट्यांचा एक मोठा व्यवसाय उभा राहिला आहे. ध्यानीमनी नसताना ई-मेल येतो. त्याच्या शिरोभागी अशोकस्तंभ, तळाशी गोल शिक्का आणि कोणा उच्चपदस्थाची सही असते. मध्ये चार कायद्यांची कलमे दाटीने बसविलेली असतात आणि ठरावीक तासांत उत्तर न आल्यास अटक होईल, अशी धमकी असते.

या पत्रांतील आरोप बहुधा लहान मुलांच्या अश्लील चित्रफिती पाहिल्याचा असतो. हाच मसुदा युरोपातही फिरला. तेथे तो युरोपोल या पोलीस संघटनेच्या कार्यकारी संचालिका कॅथरीन डी बोल यांच्या नावे धाडला जात असे आणि त्या संस्थेला जाहीर इन्कार करावा लागला. भारतात त्यावर गुप्तवार्ता विभागाचे किंवा दिल्ली पोलिसांचे नाव आले, एवढाच फरक. आरोपाची ही निवड मोठी धूर्त आहे. पोलिसांनी प्रथम माहिती अहवाल चोवीस तासांत संकेतस्थळावर प्रसिद्ध करावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. तथापि लैंगिक गुन्ह्यांसारखी नाजूक प्रकरणे त्यातून वगळली. म्हणजे ज्या गुन्ह्याची नोंद सामान्य माणसाला शोधूनही सापडणार नाही आणि ज्याविषयी शेजाऱ्याला किंवा मुलालाही विचारण्याची लाज वाटेल, नेमका तोच गुन्हा भामटे त्याच्या माथी मारतात. पैसे उकळले जातात ते या एकटेपणामुळे.

अशी सारी पत्रे खोटीच समजून फेकून द्यावीत, असा सल्ला काही जण देतात. तो सोपा आहे, पण पुरता बरोबर नाही. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने इलेक्ट्रॉनिक पत्रव्यवहाराला पुष्कळ वाव दिला आहे. तपासासाठी कागदपत्रे मागणारा कलम ९४ खालील पोलिसांचा लेखी आदेश त्या स्वरूपात निघू शकतो. न्यायालयाची मुद्रा असलेले समन्सही तसे बजावता येते. कॅमेऱ्यातील चित्रण मागणारे पत्र गृहनिर्माण संस्थेच्या चिटणीसाला आले, तर ते खरे असू शकते व त्याकडे दुर्लक्ष करणे महागात पडेल. संशयिताला हजर होण्यास सांगणाऱ्या कलम ३५ खालील नोटिशीची गोष्ट मात्र वेगळी आहे. ती व्हॉट्सअ‍ॅप वा अन्य इलेक्ट्रॉनिक मार्गाने बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आणि हरियाणा सरकारने त्यात बदल मागितला तेव्हा जुलैमध्ये तो नाकारला. साक्षीदार म्हणून बोलाविण्यालाही कलम १७९ ची मर्यादा आहे: साठीपुढील पुरुषाला किंवा कोणत्याही स्त्रीला तिच्या राहत्या ठिकाणाखेरीज अन्यत्र हजर राहण्याची सक्ती करता येत नाही. ‘डिजिटल अटक’ नावाचा प्रकार तर कायद्यात नाहीच. खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये आकाशवाणीवरून ते सांगितले होते. तरीही पुढच्याच वर्षी अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याला न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून कोटीहून अधिक रकमेला लुबाडण्यात आले आणि सर्वोच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

तेव्हा पारख करणे प्राप्त आहे. पाठविणाऱ्याचे जे नाव वर दिसते त्याला काडीचा अर्थ नाही. ते कोणालाही हवे तसे लिहिता येते. पाहावयाचा तो पत्त्याचा शेवट. सरकारी पत्ते ‘गव्ह डॉट इन’ किंवा ‘एनआयसी डॉट इन’ या अक्षरांनी संपतात. ‘गव्ह’च्या आधी टिंबाऐवजी आडवी रेघ असली, तर ते सरकार नव्हे. अर्थात पत्ताही बनावट दाखविता येतो व सरकारी खातेही चोरीला जाऊ शकते, म्हणून एवढ्यावर थांबून चालत नाही. पत्रात दिलेला दूरध्वनी क्रमांक बाजूला ठेवावा, सोबतचे दस्तऐवज उघडू नयेत, आणि ज्या ठाण्याचे नाव लिहिले आहे त्याचा क्रमांक स्वतंत्रपणे शोधून तेथे विचारावे. गुन्हा क्रमांक कोणता, कलम कोणते, तपास अधिकारी कोण, जावक क्रमांक काय, हे विचारणे उद्धटपणा नव्हे. पैसे भरून प्रकरण मिटविण्याची भाषा पत्रात असली, तर पुढे चौकशीची गरजच उरत नाही. पैसे गेलेच असतील, तर १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्यापूर्वी अडविली जाण्याची शक्यता तेवढ्या अवधीतच असते.

पण सारा भार नागरिकावरच का टाकावा? प्राप्तिकर खात्याने १ ऑक्टोबर २०१९ पासून आपल्या प्रत्येक पत्रावर ओळख क्रमांक बंधनकारक केला. तो संकेतस्थळावर पडताळता येतो. (करदात्याचा विश्वास या खात्याने पोलिसांच्या आधी कमवावा, हे गमतीचेच!) सक्तवसुली संचालनालयाच्या समन्सवरही पडताळणीसाठी क्यूआर कोड येऊ लागला. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर स्पष्ट वाचता येईल अशी नावाची पट्टी असावी, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सांगितले व आता ते संहितेतही आहे. दारात उभ्या असलेल्या शिपायाने आपली ओळख पटवावी, पण ई-मेलने आलेल्या पत्राने पटवू नये, हे कसे चालेल? उलट काही ठाणी अद्याप खाजगी कंपन्यांच्या फुकट ई-मेल पत्त्यांवरूनच व्यवहार करतात. मग ‘पत्त्याचा शेवट पाहा’ या उपदेशाचा उपयोग काय?

ओळख क्रमांकाची राज्यव्यापी व्यवस्था उभी राहण्यास वेळ लागेल हे मान्य. मात्र पत्राची छापील प्रत घेऊन एखादा निवृत्त शिक्षक ठाण्यात आला, तर ‘ते आमच्या हद्दीतले नाही’ म्हणून त्याला परत धाडण्याऐवजी ठाणे अंमलदाराने संबंधित ठाण्याला दूरध्वनी करावा आणि पत्र तेथून निघालेले नसल्यास तसे कागदावर लिहून द्यावे, यासाठी नव्या यंत्रणेची वाट पाहण्याचे कारण नाही. पत्रे ज्या ठाण्यातून निघतात, तेथे जावक नोंदवही आजही असतेच.