‘झिरो लीकेज’ नावाचा आळस

भोसरीपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात व्हॉल्व्ह बनवणारे छोटे कारखाने आहेत. त्यांच्या हातात पडणाऱ्या पीओमध्ये कधीकधी अशी एक ओळ असते: ‘झिरो लीकेज, एपीआय ५९८ / क्लास सिक्सप्रमाणे.’ वाचायला एकदम कडक! माझ्या मते हा शुद्ध आळस आहे. लिहिणाऱ्याने काही ठरवलेलंच नाही. दोन स्टँडर्ड एका ओळीत कोंबून साहेब मोकळे.

का ते सांगतो. एपीआय ५९८ हे लाइन बंद करणाऱ्या व्हॉल्व्हसाठी (गेट, ग्लोब, बॉल वगैरे). ‘क्लास’ची भाषा एफसीआय ७०-२ ची, आणि ती प्रवाह कमी-जास्त करणाऱ्या कंट्रोल व्हॉल्व्हसाठी. आता हिशोब बघा. ६ इंची, मेटल सीटचा गेट व्हॉल्व्ह पाण्याच्या टेस्टमध्ये मिनिटाला १२ थेंब गळला तरी एपीआय ५९८ मध्ये पास. १६ थेंबांचा एक मिलिलिटर धरतात, म्हणजे तासाला ४५ मिली. त्याच साइजच्या क्लास फोर कंट्रोल व्हॉल्व्हला रेटेड क्षमतेच्या ०.०१ टक्का गळती चालते. क्षमता तासाला ३०० घनमीटर असेल तर ३० लिटर! टेस्टचे दाब वेगळे असतात हे मान्य. पण दोन्ही सर्टिफिकेटांवर शिक्का एकच: ओके. आणि दोन्ही बरोबरच आहेत, कारण कामं वेगळी आहेत.

बरं, ‘झिरो’ म्हणजे तरी काय? आयएसओ ५२०८ चा रेट ए म्हणजे टेस्टच्या वेळेत डोळ्यांना गळती दिसली नाही, एवढंच. एपीआय ५९८ मध्ये ६ इंची व्हॉल्व्हच्या सीट टेस्टला ही वेळ कमीत कमी ६० सेकंद. पुढच्या दहा वर्षांची हमी त्यात नाही.

‘अरे, पण सगळ्यात कडक लिहिलं तर बिघडलं काय?’ असं म्हणणारे भेटतात. बिघडतं. क्लास सिक्ससाठी बहुतेक वेळा टेफ्लॉनसारखी मऊ सीट लागते. गार टेस्ट बेंचवर ती झकास चालते, ३०० अंशांच्या वाफेवर तिची वाट लागते. शिवाय सीट टेस्ट मोजते ते बंद व्हॉल्व्हमधून पलीकडे काय जातं ते. विषारी गॅस स्पिंडलच्या ग्लँडमधून बाहेर, माणसाच्या नाकापर्यंत येतो त्याचं काय? शेल टेस्टमध्ये ग्लँड बघतात, पण नव्या व्हॉल्व्हवर आणि थोडाच वेळ. शेकडो उघडझापींनंतर, तापवून-गार करून, हीलियम किंवा मिथेन वापरून तो तपासायचा तर आयएसओ १५८४८ मागावं लागतं. त्या कडक ओळीत त्याचा पत्ताच नसतो.

मधल्या मध्ये मरतो तो व्हेंडर. २००६ च्या एमएसएमई कायद्याने लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. पण माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली, तर ती मिटेपर्यंत माल स्वीकारला असं धरत नाहीत. स्पेसिफिकेशन धूसर असलं की हरकत घ्यायला एक थेंब पुरतो.

आपण आयटीवाले १०० टक्के अपटाइम मागणाऱ्या क्लायंटला हसतो. म्हणतो, आधी मोजायचं कसं ते लिहून दे. इथेही तेच विचारा ना. आत काय वाहतंय, किती दाबाला, किती तापमानाला? व्हॉल्व्हने लाइन बंद करायचीय की प्रवाह सांभाळायचाय? आणि गळलंच तर कुठे जाणार, पुढच्या पाइपात की हवेत? मग स्टँडर्ड, त्याचं वर्ष, रेट आणि टेस्ट पाण्याने की हवेने, हे सगळं लिहा. चार शब्द जास्त टाइप करावे लागतील, मान्य. पण पगार त्याचाच मिळतो ना?