गुन्हा कबूल आहे?



शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे जुनी माणसे सांगत आली. पण ज्याने कापसाच्या भावासाठी रस्त्यावर बसायचे ठरवले, ज्वारीच्या खरेदीसाठी तहसीलदाराला घेराव घातला, त्याला ही पायरी टळत नाही. समन्स घरी येते. मग पायरी चढावी की नाही हा प्रश्नच राहत नाही. वर जाऊन काय बोलायचे, एवढेच आपल्या हातात राहते. या वेळचा अग्रलेख त्या एका वाक्यासाठी आहे.

आपला कापूस जिनिंगमधून सूतगिरणीत जातो आणि त्यातले काही सूत भिवंडीच्या मागांवर चढते. त्या भिवंडीच्या कोर्टात १२ जून २०१८ रोजी एक आरोपी उभे होते. नाव राहुल गांधी. २०१४ च्या प्रचारात भिवंडीजवळच्या सभेत त्यांनी महात्मा गांधींच्या हत्येसंबंधी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाविषयी एक विधान केले. संघाच्या एका स्थानिक कार्यकर्त्याने बदनामीची फिर्याद दाखल केली. कलमे ४९९ आणि ५००. जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षे. कोर्टाने आरोप सांगितला आणि विचारले, गुन्हा कबूल आहे? उत्तर आले, कबूल नाही.

कोण खरा, कोण खोटा हे कोर्ट बघेल. आपल्याला त्या पक्षाशी देणेघेणे नाही आणि संघाशीही नाही. आपण एवढेच पाहायचे, की ज्यांच्याकडे चांगले वकील आहेत ती माणसे कोर्टात कशी वागतात. याच खटल्यात फिर्यादीने काही कागद पुराव्यात घ्यायची परवानगी मिळवली होती. ती मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केली. आरोपीवर एखादा कागद कबूल करण्याची सक्ती करता येत नाही, हे तत्त्व या खटल्यात उच्च न्यायालयाने मान्य केले. एका कागदासाठी उच्च न्यायालयापर्यंत लढाई झाली!

आणि आपण? आपल्याला शिपाई सांगतो, ‘कबूल म्हणा, दंड भरा, मोकळे व्हा.’ आपण कबूल म्हणतो. कलम कोणते, हेही विचारत नाही. बोंडअळी आहे की तुडतुडे, हे पाहिल्याशिवाय आपण पंप पाठीवर घेत नाही. इथे मात्र कशाला हो म्हणतो तेच ठाऊक नसते.

मी कृषी पदवीधर. कायदा शिकलो तो तारखा करून. काही वर्षांपूर्वी एका रास्ता रोकोत आम्ही एकोणीस जण आरोपी होतो. पेरणीचे दिवस आणि तारखेवर तारीख. ‘दंड भरून टाका’ असे सांगणाऱ्यांत मीही होतो. सगळ्यांनी कबूल केले, संध्याकाळी घरी आलो. पुढे आमच्यातल्या एका तरुणाने पोलीस पाटलाच्या जागेसाठी अर्ज केला. परीक्षेत तो पहिला आला. चारित्र्य पडताळणीत निघाले, गुन्ह्यात दोषी. जागा गेली. तो मला एक शब्दही बोलला नाही, पण तेव्हापासून बैठकीलाही आला नाही.

दंड भरणे म्हणजे पावती फाडणे नव्हे. कबुली दिली की दोष सिद्ध झाला. शिक्षा लहान असली तरी दोषाचा डाग राहतो. सुरतच्या कोर्टाने २३ मार्च २०२३ रोजी राहुल गांधींना दुसऱ्या बदनामी खटल्यात दोषी ठरवले. तुरुंगात एक दिवसही न जाता दुसऱ्या दिवशी त्यांची खासदारकी गेली. ४ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीला स्थगिती दिली, तेव्हा ती परत मिळाली. आपल्यामागे कोणी दिल्लीला जाणार नाही. म्हणून पहिल्याच पायरीवर सावध राहायचे.

आता कलमांचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्याआधीच्या घटनेला जुनी दंडसंहिताच लागते. आंदोलनात नेहमी लागणारी कलमे अशी. बेकायदा जमाव: जुने १४३, नवे १८९(२), सहा महिन्यांपर्यंत. दंगा: जुने १४७, नवे १९१(२), दोन वर्षांपर्यंत. मनाई हुकूम मोडणे: जुने १८८, नवे २२३, साधारणपणे सहा महिन्यांपर्यंत, याची दखल कोर्टाने घ्यायची तर संबंधित अधिकाऱ्याची लेखी तक्रार लागते. सरकारी नोकरावर कामात असताना हल्ला किंवा बळाचा वापर: जुने ३५३, नवे १३२, आणि हे अजामीनपात्र. फिर्यादीत ‘धक्काबुक्की’ हा एक शब्द घातला की साधे आंदोलन या कलमात जाते. म्हणून फिर्याद शब्द न् शब्द वाचून घ्या.

हक्कही पाठ करा.

१. अटकेची कारणे लेखी आणि आपल्याला समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजेत. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये हे सर्व गुन्ह्यांसाठी स्पष्ट केले.

२. अटकेची खबर घरच्यांना दिली पाहिजे आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे.

३. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात पोलिसांना अटकेची गरज नोंदवावी लागते. गरज नसेल तर नोटीस द्यायची. नोटीस आली तर हजर राहा, टाळू नका. तीन वर्षांच्या आतल्या शिक्षेच्या गुन्ह्यात साठीपुढच्या किंवा आजारी माणसाला अटक करायला उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते.

४. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती नाही. हे घटनेच्या कलम २०(३) मध्ये आहे. कोऱ्या कागदावर सही करू नका. तपासात पोलिसांनी घेतलेल्या जबाबावर सही लागतच नाही.

५. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे, मेहेरबानी नाही.

६. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतला कोणीही माणूस यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

कोणी म्हणेल, तारखा करायच्या की वखर हाकायचा? अडचण खरी आहे. पण तारीख चुकवली की वॉरंट निघते, आणि कबुली दिली की डाग लागतो. वकिलामार्फत गैरहजेरी माफीचा अर्ज देता येतो. पेरणी आणि वेचणीच्या दिवसांत तो द्या. कृत्य खरोखर केले असेल आणि वकिलाकडून परिणाम समजून घेऊन कबूल करायचे असेल, तर तो तुमचा निर्णय. न समजता कबुली मात्र नको.

आणखी एक. सरकार अधूनमधून आंदोलनातले गुन्हे मागे घेण्याची घोषणा करते. घोषणेने खटला संपत नाही. सरकारी वकिलाने कोर्टात अर्ज द्यायचा आणि कोर्टाने संमती द्यायची, असा कायदा आहे. तेही निकालापूर्वी. ज्याने कबुली देऊन निकाल लावून घेतला, त्याच्या हाती त्या घोषणेतून काही पडत नाही. आमच्या एकोणीस जणांचे तेच झाले.

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने वही आणावी. किती जणांवर गुन्हे आहेत, कोणती कलमे, कोणते कोर्ट, पुढची तारीख कोणती, वकील आहे की नाही. फिर्यादीची आणि दोषारोपपत्राची झेरॉक्स सोबत आणावी. ज्याच्याकडे कागद नाही त्याच्यासाठी बैठकीतूनच अर्ज लिहू. तोवर कोणीही, कोणाच्याही सांगण्यावरून, वकिलाशी बोलल्याशिवाय कबूल म्हणू नये.

त्या तरुणाकडे मी स्वतः जाणार आहे. वहीतले पहिले नाव त्याचे असेल. अपिलाची मुदत उलटून गेली आहे. तरीही काही वाट उरली आहे का, हे त्याच्याबरोबर वकिलाकडे बसून विचारायचे आहे. तेवढे माझे देणे आहे.