बिनसाखरेची बाटली

जपानमधल्या कोन्बिनीत, म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावर रात्रंदिवस उघड्या असणाऱ्या दुकानांत, फ्रिजचा मोठा भाग चहाच्या बाटल्यांनी भरलेला असतो. हिरवा चहा, ऊलाँग, जस्मिन, भाजलेल्या पानांचा होजिचा, भाजलेल्या जवाचा मुगिचा. दुधाच्या आणि लिंबाच्या गोड बाटल्याही असतात, पण बहुतेक बाटल्यांत साखरेचा कणही नसतो. आपल्याकडचे पर्यटक पहिला घोट घेऊन तोंड वाकडं करतात आणि पुढचे सगळे दिवस कोलावर काढतात. हे मला मनापासून खटकतं.

त्यांच्यासाठी माझी शिफारस मुगिचाची. झाकण उघडलं की सातूच्या पिठासाठी धान्य भाजताना घरभर पसरतो तसा खमंग वास येतो. चव कोरडी, किंचित करपट, घशाखाली उतरल्यावर स्वच्छ. यात चहाचं पान नाही, म्हणून कॅफीनही नाही. जपानी घरांत उन्हाळाभर लहान मुलंही हाच पितात.

हिरव्या चहाची बाटली मात्र जास्त आदराने उघडावी, कारण ती सहज बनलेली नाही. घरी आणि उपाहारगृहात फुकट मिळणारा चहा पैसे देऊन कोण घेणार, हा पहिला प्रश्न होता. दुसरा त्याहून अवघड. हिरवा चहा डब्यात भरून निर्जंतुक करायला तापवला की तपकिरी पडायचा आणि त्याला उकडलेल्या रताळ्यासारखा वास यायचा. इतो एन या कंपनीने त्यावर अनेक वर्षं घालवली. डब्यातली हवा काढून तिथे नायट्रोजन भरायचं तंत्र बसवलं आणि 1985 मध्ये डबाबंद हिरवा चहा बाजारात आणला. 1989 मध्ये त्याचं नाव ‘ओई ओचा’ झालं, 1990 मध्ये तो प्लास्टिकच्या मोठ्या बाटलीत आला आणि 1996 मध्ये हातात मावणाऱ्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत. पुढे गरम विकता येईल अशी बाटलीही निघाली. हिवाळ्यात ती गल्ल्याजवळच्या उबदार कपाटात नारिंगी झाकणाने ओळखू येते.

बाटलीवरची घटकांची यादी वाचून बघा. बहुतेक वेळा दोनच नावं असतात: हिरवा चहा आणि क जीवनसत्त्व. हे जीवनसत्त्व चहाचा रंग आणि चव प्राणवायूने बिघडू नये म्हणून घातलेलं असतं. ज्या पेयाला दडवण्यासारखं काही नाही, त्याचीच यादी इतकी आखूड असू शकते.

आणि हा चहा नुसता पिऊ नका. तो जेवणासोबतचा आहे. आगगाडीच्या प्रवासात जेवणाचा डबा आणि चहा एकत्र घ्यायची जपानी सवय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या मेइजी काळापासूनची, तेव्हा स्टेशनांवर चहा मातीच्या छोट्या किटलीतून विकत. आज ती जागा बाटलीने घेतली आहे. सामन मासा भरलेल्या ओनिगिरीचा, म्हणजे भाताच्या गोळ्याचा, घास आणि वर हिरव्या चहाचा घोट घेतला, की मघाशी कडू वाटलेली तीच चव तोंडातला तेलकटपणा आणि खारटपणा धुऊन काढते.

आसाम, दार्जिलिंग, निलगिरीचा चहा जगाला पाजणाऱ्या आपल्या देशात स्टेशनच्या स्टॉलवर बाटलीतला थंड चहा मागितला, तर हाती बहुधा चहाच्या रंगाचा गोड पाक येतो. पान आपलं आहे, तंत्र जगाला ठाऊक आहे, मधुमेही घरोघरी आहेत. एखाद्या भारतीय कंपनीने बिनसाखरेची साधी बाटली काढून ती वडापावच्या गाडीशेजारी ठेवावी. तिखट चटणीवर तो चहा कसा लागतो, हे मला पिऊन बघायचंच आहे.