दुसरी बॅटरी आणि 'काही होत नाही'

परवा मित्राची बोलेरो कॅम्पर घेऊन नाना पेठेत गेलो होतो. साहेबांना विंच आणि दिव्यांसाठी मागच्या हौद्यात दुसरी बॅटरी हवी होती. मेकॅनिकने पाच मीटर वायर चॅसीवरून ओढली, झालं काम! "दादा, फ्यूज?" तर म्हणे, "काही होत नाही ओ."

हे 'काही होत नाही' माझ्या डोक्यात जातं. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, म्हणून लोकांना हे खेळणं वाटतं. अहो, चॅसीच्या कडेला घासून वायर सोलली की लेड-ॲसिड बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतते. वायर लाल होते, मग पेटते. फ्यूज असतो तो वायरला वाचवायला, दिव्याला नव्हे. आणि इथे बॅटऱ्या दोन, म्हणजे वायरच्या दोन्ही टोकांना, टर्मिनलजवळच, एकेक हवा. त्यात वायर फक्त ६ स्क्वेअर एमएम! विंचने १०० अँपिअर ओढले की दीड व्होल्ट वायरमध्येच गायब. (सीटखालच्या बंद पेटीत बॅटरी ठेवणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको, चार्ज होताना हायड्रोजन निघतो.)

"तुम्ही आयटीवाले उगाच घाबरता," इति मित्र. दिव्यांवर हजारो उडवले, फ्यूजला मात्र घासाघीस.

शेवटी फ्यूज बसेपर्यंत मी किल्लीच दिली नाही. मित्र अजून फुगलाय.